डॉइचलांड-टिकेट: आखेनमधल्या दहा महिन्यांच्या वापरानंतर

सुट्टीला कोथरूडला घरी आल्यापासून खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "अगं, तो रेल्वेचा पास आमच्या याने इथूनच काढून ठेवावा का गं?" त्यांचा मुलगा ऑक्टोबरमध्ये शिकायला जर्मनीला निघालाय. जिन्यात सगळं सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी जर्मनीच्या पश्चिम टोकाला, आखेनला मास्टर्स करते आणि हा पास, म्हणजेच डॉइचलांड-टिकेट, दहा महिने रोज वापरलाय.

पास महिन्याचा असतो. मे 2023 मध्ये तो 49 युरोला सुरू झाला, 2025 मध्ये 58 झाला आणि जानेवारी 2026 पासून 63. त्यावर अख्ख्या जर्मनीतल्या सिटी बस, ट्राम, भुयारी मेट्रो आणि आरई, आरबी, एस-बान या प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. पीएमपीचा पास काढावा आणि त्याच पासावर पॅसेंजर बदलत बदलत नागपूर गाठता यावं, असा हा प्रकार आहे.

काकूंना माझं उत्तर: आत्ता काहीही काढू नका. बऱ्याच विद्यापीठांत हाच पास सेमिस्टर तिकीट म्हणून मूळ किमतीच्या 60 टक्क्यांत मिळतो आणि पैसे सेमिस्टरच्या शुल्कातच जातात. प्रवेशाच्या कागदांत ते आधी बघा, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील.

ब्लॉक अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो मिळतात. खोलीचं भाडं आणि विमा गेला की उरलेल्यात महिना काढायचा असतो. पहिले काही आठवडे कॉफी घेतानासुद्धा मी मनातल्या मनात युरोचे रुपये करायचे. फक्त प्रवासाच्या बाबतीत हा हिशेब कधी करावा लागला नाही, आणि या पासाचं मोल मला तिथेच कळलं. रविवारी तिकडे दुकानं बंद. अभ्यास नसेल तर खोलीत एकटीने दिवस काढणं फार जड जातं, विशेषतः थंडीत, साडेचारलाच अंधार पडतो तेव्हा. अशा वेळी उठायचं, थालीपीठं डब्यात घालायची आणि तासाभराच्या अंतरावर कोलोनला मैत्रिणीकडे जाऊन धडकायचं. एकेक वेळचं तिकीट काढावं लागलं असतं, तर मी महिन्यातून एकदाच गेले असते. दहा महिने मन टिकलं त्यात या जाण्यायेण्याचा मोठा वाटा आहे.

आता त्रासाचं. दिवाळीत, मला जाऊन जेमतेम तीन आठवडे झालेले असताना, कोलोनला आम्ही दहाजण जमलो होतो. घरून आलेला फराळ सगळ्यांनी मिळून संपवला. परतताना रात्री गाडी वाटेतल्या ड्यूरेनला थांबली आणि पुढे जाणार नाही अशी घोषणा झाली. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं माझं जर्मन त्या घोषणेला पुरेना. समोरच्या आजी उठल्या, त्यांनी मला खुणेने "उतर" म्हटलं, तेव्हा समजलं. फलाटावर पन्नास मिनिटं काढली, रिकामा डबा पोटाशी धरून. तेव्हापासून रात्रीची शेवटची गाडी मी कधीच धरत नाही, तिच्या आधीची धरते. भरपाईवर भिस्त ठेवू नका. या पासावर तासाभराहून जास्त उशीर झाला तर दीड युरो मिळतो, आणि चार युरो साठल्याशिवाय तोही हातात येत नाही. विमान पकडायचं असेल तर मी या पासावर अवलंबून राहणार नाही. फ्रँकफर्टला जाताना आयसीईचं तिकीट वेगळं काढते आणि तरीही दोन तास हाताशी ठेवते.

पास नावावर असतो, दुसऱ्याला देता येत नाही. तपासनीस फोटोचं ओळखपत्रही मागू शकतो. फोन बंद पडला की पासही बंद, त्यामुळे पॉवर बँक बरोबर हवीच.

सहलींचं म्हणाल, तर सगळ्यात सुंदर दिवस आरबी 26 ने दिला. कोलोनहून माइंत्सला जाणारी ही साधी, ठिकठिकाणी थांबणारी गाडी. आयसीई नव्या मार्गाने तासाभरात फ्रँकफर्टला पोचते, पण तिथून ऱ्हाइन नदी दिसत नाही. आरबी 26 नदीला धरून जाते. कोब्लेंत्सच्या पुढे डावीकडची खिडकी सोडू नका. द्राक्षांचे उभे मळे, टेकड्यांवरचे किल्ले, सांक्ट गोआरच्या पुढे पलीकडच्या काठावर लोरेलायचा कडा आणि काउबपाशी पाण्याच्या मधोमध बेटावर उभा असलेला पांढरा किल्ला. तो दिसला तेव्हा मला एकदम मुरुडचा जंजिरा आठवला. बाखाराखला उतरून भाकरी-ठेचा खाल्ला, गाव पाहिलं आणि पुढची गाडी धरली. वेगळा एक सेंटही गेला नाही.

म्युनिकला मात्र या पासाने जायचा हट्ट धरू नका, दिवस गाड्या बदलण्यातच जातो. मी आयसीईचं तिकीट महिनाभर आधी स्वस्तात काढलं आणि तिथून साल्झबुर्ग पासावरच पाहिलं. ऑस्ट्रियात असूनही साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत हा पास चालतो. पॅरिस, ब्रसेल्ससाठी तिकीट वेगळंच काढावं लागतं. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट हातात आलं की शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसा-व्यवस्थेतल्या युरोपीय देशांत, 180 दिवसांतले 90 दिवस फिरता येतं, पण सीमा ओलांडताना पासपोर्ट आणि परमिट दोन्ही जवळ असू द्या.

आई-बाबा पुढच्या मे महिन्यात येणार आहेत. त्यांच्यासाठीही हाच पास घ्यायचं ठरलंय, कारण महिनाभर गावातल्या गावात आणि ऱ्हाइनकाठी फिरायला याहून सोयीचं काही नाही. एवढंच की तो दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. बाबांनी कालच कॅलेंडरवर 10 मेला लाल पेनाने गोल केलाय.