मनांग : थोरांग ला खिंड करायची असेल तर इथं दोन रात्री थांबाच

बेळगाव-खानापूर-निपाणी भागातनं नेपाळातल्या मुक्तिनाथला जाणारे लई जण आहेत, पण बहुतेक पोखरा-जोमसोम करून गाडीनंच जातात. आता आमच्याकडची ट्रेकवाली पोरं अन्नपूर्णा सर्किट (अन्नपूर्णाच्या डोंगरांना वळसा घालणारी ट्रेकची वाट) करून थोरांग ला वरनं मुक्तिनाथला उतरायचं म्हणायलेत, त्यांच्यासाठी लिहायलोय. त्या वाटेवर राहायला मनांगपेक्षा भारी गाव मला दिसलं नाही.

आधी मुद्द्याचं. बेसीसहर, जिथनं जीप मिळतात, ते साधारण 760 मीटरवर, म्हणजे आपल्या बेळगावएवढंच उंच. मनांग 3,500 च्या वर. रस्ता झाल्यापासनं लोक जीपनं एकदम वर येतात आणि लगेच पुढं सुटतात, पण पुढं थोरांग ला 5,416 मीटर आहे बगा! 3,000 च्या वर झोपायची उंची दिवसाला 300 ते 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये म्हणतात, मग जीपनं आलेल्याचं डोकं धरणारच की. चामे, पिसांग असं थांबत थांबत वर या, मनांगात निदान दोन रात्री काढा आणि मधल्या दिवशी वर चढून परत खाली झोपायला या.

गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. ही संस्था 1973 ची. सीझनमध्ये स्वयंसेवक डॉक्टर असतात आणि दुपारी विरळ हवेच्या त्रासावर माहिती सांगतात, कुठली लक्षणं साधी, कुठली दिसली की रात्र असली तरी खाली उतरायचं, सगळं. हे चुकवू नका. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, किती, हे तिथंच विचारा, गावच्या मेडिकलवाल्याच्या सांगण्यावर नको.

मधला दिवस कसा जातो कळत नाही. मर्स्यांगदी नदी ओलांडली की गंगापूर्णाचं तळं, वर 7,455 मीटरचा डोंगर आणि त्याची हिमनदी. दुसऱ्या बाजूला ब्रागा गावचा जुना गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ. जुनी घरं दगडाची, सपाट धाब्याची, कडेला जळण नीट रचून ठेवलेलं.

लॉज साधेच. खोल्यांना प्लायवूडच्या भिंती, पलीकडचा खोकलला तरी ऐकू येतंय, रात्री पाणी गोठतं, पण रजया जाड. संध्याकाळी सगळे डायनिंग हॉलमधल्या लोखंडी शेगडीभोवती. खोलीचं भाडं कमी असतं, कारण जेवण तिथंच घ्यावं हा तिथला रिवाज. जेवणाच्या दरात घासाघीस करू नका, खालनं माल वर आणायचा खर्च आहे तो. डाळभात परत परत वाढतात, संगं साग आणि मुळ्याचं लोणचं. पण खायचीच ती फापराची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची रोटी : जाड, रंगानं नाचणीच्या भाकरीसारखी, जराशी कडवट, वर याकचं चीज किसून. डाळेचुक नावाच्या डोंगरी फळाचा केशरी आंबट रसही घ्या.

तक्रार एकच, जीपची धूळ आणि हॉर्न. दुपारी मेन वाटेवर बसवत नाही, खोली मागच्या बाजूची मागा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर नाहीतर मार्च ते मे बघून जा, हिवाळ्यात बर्फानं खिंड बंद पडते. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड चालतं, पण अन्नपूर्णाचं परमिट काढावंच लागतं. नेपाळी रुपये खालीच भरपूर घ्या, आपल्या शंभराला तिथले 160. वर एटीएमच्या भरवशावर राहू नका.