पायली, वाटी की काटा? धान्य मोजायचं कशानं

रेशनचं धान्य किलोत मिळतं, चक्कीवाला दळणाचे पैसे किलोवर घेतो, आणि चुलीपाशी सगळा हिशेब वाटीचा. मग घरात काटा घ्यावा की आहे त्या मापावरच भागवावं? काय मोजायचं, त्यावर ते ठरतं.

अख्खं धान्य आणि डाळ असेल तर माप बिनघोर वापरा. दाणे टणक असतात, वाटीत ते जवळपास सारखेच बसतात. 200 मिलीच्या सपाट वाटीत तांदूळ किंवा तूरडाळ साधारण 160 ते 165 ग्रॅम, गहू 155, ज्वारी 150. दाण्याच्या जाडी-बारकीनं पाचदहा ग्रॅम इकडेतिकडे होतात, त्यानं वरण बिघडत नाही. खरा घोळ शिगेचा. शिगोशीग भरलेली वाटी आणि बोटानं सपाट केलेली वाटी यांत तीसेक ग्रॅमचाही फरक पडू शकतो. एकदा ठरवा, मग नेहमी तसंच भरा.

भातासाठी तर माप काट्यापेक्षा सोयीचं, कारण पाणीही त्याच वाटीनं घालायचं. जुन्या तांदळाला दोन ते अडीच वाट्या, नव्याला पावणेदोन. वजन कळून इथे काहीच साधत नाही.

पीठ आलं की वाटी दगा देते. पिठात हवा अडकते. चाळून हलक्या हातानं भरलेली कणीक 200 मिलीला 100 ग्रॅमच्या आसपास, तीच डब्यात वाटी खुपसून दाबून घेतली तर 125. बेसन चाळलेलं 80, दाबलेलं 105. म्हणजे चार वाट्यांमागे 100 ग्रॅमचा फरक, आणि पाणी मात्र ठरलेलं. मग पीठ कधी घट्ट, कधी सैल. रोजच्या भाकरीला हातच सांगतो, तिथे चालून जातं. बेसनाचे लाडू, शंकरपाळे, मोहन मोजून घालायचा पदार्थ असेल तर काटाच हवा. जाड पोहे 200 मिलीला जेमतेम 60 ग्रॅम भरतात, मुरमुरे त्याहून कितीतरी कमी. ते वजनावर विकत घ्यावेत आणि मापानं शिजवावेत.

पंगतीचा स्वयंपाक वेगळा. मारुतीच्या देवळात रोडग्यांचा बेत ठरला की कणीक पिप्यानं मोजतात, आणि तिथेच चूक होते. 15 किलो तेलाच्या पिप्यात 15 किलो धान्य मावत नाही. तेल लिटरला 910 ग्रॅम, म्हणजे 15 किलोला साडेसोळा लिटर जागा लागते. तेवढ्याच जागेत गहू 13 किलोच्या आत बसतो आणि न दाबलेली कणीक साडेआठ-नऊ किलो. 15 किलो समजून मीठ-मोहन घातलं तर मीठ दीडपटीहून जास्त होतं, आणि खारट रोडग्यावर इलाज नाही. पिपा एकदा तोलून घ्या, आतला आकडा बाहेर रंगानं लिहा. दळणाचंही तेच: चक्कीवरून आणलेलं पीठ वजनाला जवळपास तेवढंच, पण जागा गव्हाच्या दीडपट व्यापतं. म्हणून गव्हाचा डबा पिठाला अपुरा पडतो. चक्कीवाल्याने काही मिसळलं असेल असं नाही.

पायली-अधोलीबद्दल एकच. दोन अधोल्यांची पायली, चार शेरांची पायली हे कोष्टक पाठ असलं तरी पायलीचं भांडं गावागणिक लहानमोठं असतं. देण्याघेण्यात ते वापरू नका, तिथे किलोच धरा. घरात चालेल, फक्त आधी पाण्यानं मापून घ्या: रिकामं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. मग भांडं कोरडं करून त्यात तुमचीच ज्वारी, तुमचाच तांदूळ सपाट भरून तोला. असे चारपाच आकडे डब्याच्या झाकणावर चिकटवले की पुढे रोज काटा काढायची गरज नाही, शेजारून मागून आणलेल्या काट्यावरही भागेल.

विकत घ्यायचाच असेल तर 5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅम दाखवणारा आणि सेलवर चालणारा घ्या. लाइट गेली तरी अडत नाही. स्प्रिंगचा लटकता काटा पोत्याला ठीक, वाटीभर बेसनाला नाही. घेतानाच 1 किलो मिठाची न फोडलेली पुडी ठेवून पाहा: पिशवीचे चारपाच ग्रॅम सोडले तर आकडा हजारच्या आसपास यायला हवा. शेणानं सारवलेल्या जमिनीवर काटा टेकवू नका. एक पाय खोल गेला की आकडा नाचतो, त्यापेक्षा खाली पाट घ्या.