स्पेनमधला केशरी गॅस सिलेंडर: युकेहून आलेल्यांसाठी रिव्ह्यू

युकेत पाईपचा गॅस आणि महिन्याचं डायरेक्ट डेबिट, त्यामुळे सिलेंडर उचलायची सवय बहुतेकांना नसते. इथे किनाऱ्याकडच्या बऱ्याच घरांत, विशेषतः जुन्या फ्लॅटमध्ये, गॅसची लाईनच नाही, मग हा केशरी बोम्बोना (सिलेंडरचं स्पॅनिश नाव) आलाच, आत 12.5 किलो ब्युटेन आणि वर लोखंडाचं वजन, त्यामुळे लिफ्ट नसेल तर आधी विचार करा.

पण खर्चाच्या बाबतीत मला तरी झकास वाटला. जास्तीत जास्त किंमत सरकार ठरवतं, दर दोन महिन्यांनी बदलते आणि घरपोच आणून देणं त्यातच धरलेलं असतं. हलका सिलेंडर दिसायला छान पण त्याला किमतीचं हे बंधन नाही, तो महाग पडू शकतो हं!

कॉन्ट्रॅक्ट करताना दोन सिलेंडर घ्या, एक आंघोळीच्या मधेच संपतो (कायम साबण लावल्यावरच, का ते देव जाणे). ब्युटेन शून्याच्या आसपास नीट वाफ होत नाही म्हणून डोंगराळ भागात थंडीत बाहेर ठेवलेला रडतो, तिथे प्रोपेन बघा.

पाच वर्षांनी एकदा गॅसच्या जोडणीची तपासणी लागते, रबरी नळीवर एक्सपायरी छापलेली असते ती बघत जा. आणि न बोलावता दारात येऊन "तपासणी करायचीय, कॅश द्या" म्हणणाऱ्याला आत घेऊ नका, इंग्रजी बोलणारी म्हातारी माणसं यात हमखास फसतात.

चार स्टार, एक वजनासाठी कापला.