बोटींचा रॅक: वेल्डिंगचा करावा का बोल्टचा?

गाडीमागं ओढायचा ट्रेलर आधीच आहे असं धरून फक्त त्यावरच्या रॅकबद्दल लिहितोय, एक्सल-हिचमध्ये (चाकांचा आस, गाडीला जोडायचा आकडा) जात नाही. माझ्याकडं शिडाच्या तीन बोटी, लेकरांच्या दोन छोट्या ऑप्टिमिस्ट आणि एक जुनी, मोठी लेझर, पावसाळ्यात नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादला हुसेनसागरवर न्यायच्या. दोन्ही रॅक वापरून झालेत.

पहिला वेल्डिंगचा, दोन मजली, चौकोनी पाईपचा. मजबुतीला नाव ठेवायला जागा नाही, खड्ड्यातून गेला तरी हूं की चूं नाही.

पण बोट चढवायची म्हणलं की डोकं उठायचं. वरचा मजला फिक्स, त्यामुळं खालची लेझर वरून ठेवता येत नाही, मागूनच सरकवत आत घालायची, आणि ती सव्वाचार मीटर लांब, म्हणजे ट्रेलरच्या मागं तेवढी मोकळी जागा पाहिजे, आमच्या गल्लीत ती कुठून आणू, समोर शेजाऱ्याची कार. दोघं पुढून ओढणार, दोघं मागून ढकलणार आणि दर खेपेला बोटीची कड पाईपला घासून जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) निघणार. एकदा अंधारात, चिखलात उभं राहून हेच केलं, त्या दिवशीच मन उडालं.

बोल्टच्या रॅकला आडव्या दांड्या खांबावरच्या सॉकेटात बसतात, आरपार पिन. आधी खालची बोट वरून अलगद ठेवा, मग दांड्या घाला, मग वरची. लेझरचं हल (नुसतं बोटीचं अंग, शीड-डोलकाठी सोडून) साठेक किलो, दोघांत होतं. वर दोन्ही ऑप्टिमिस्ट एकामागं एक बसतात, 2.3 मीटरच्या दोन म्हणजे लेझरपेक्षा थोड्याच लांब, फक्त दांड्या जास्तीच्या लागतात. सीझन संपला की सगळं खोलून जिन्याखाली.

खडखड होते, ते खोटं नाही. सॉकेटात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबले, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे) लावले, तरी वाटेत नरसीला चहाला थांबलो की पाना घेऊन एक फेरी मारतोच. खर्चही मला जास्त पडला.

तुमच्याकडं सगळ्या एकाच मापाच्या बोटी असतील, मोकळं मैदान आणि हाताशी चार माणसं असतील तर वेल्डिंगचा वाईट नाही बरं का. घरून एकट्या-दुकट्यानं न्यायच्या असतील तर मी तरी बोल्टचाच सांगेन.

बेल्ट मात्र कुठल्याही रॅकवर उन्हात करकचून ओढू नका, तापलेलं फायबर दबतं, माझ्या लेझरच्या तळाला खळगा आहे अजून. आणि पिना साखळीनं खांबालाच अडकवा, माझी एक पहिल्याच फेरीत देगलूरच्या अलीकडं कुठंतरी पडली.