रिंग गेम, सिट अँड गो की मोठी टूर्नामेंट? सोलापुरातल्या रोजच्या खेळाडूने काय निवडावं

रमी आणि तीन पत्तीवर हात बसलेला माणूस पोकरकडे वळला की पहिल्या आठवड्यात पत्त्यांपेक्षा खेळाच्या प्रकारांनीच जास्त गोंधळतो. ॲप उघडलं की रिंग गेम, सिट अँड गो, मल्टिटेबल, टर्बो, नॉकआउट अशी यादी समोर येते. पानं तीच ५२, टेक्सास होल्डेमचे (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची पाच) नियमही तेच. पण एका प्रकारात बरोबर असलेला डाव दुसऱ्यात घोडचूक ठरतो. त्यामुळे आधी प्रकार ठरवा, डावपेच मागाहून. आणि प्रकार ठरवताना स्वतःला एकच विचारा: मध्ये न तुटणारा सलग वेळ आपल्याकडे किती आहे?

पैशांचं आधी स्पष्ट करू. ऑनलाइन गेमिंगबाबतच्या केंद्राच्या २०२५ च्या कायद्यावर २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवायला या कायद्याने बंदी आहे. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून इथलं सगळं फुकट चिप्सच्या खेळासाठी आणि घरच्या बिनपैशाच्या डावासाठी आहे. एक सापळा मात्र ओळखून ठेवा. ‘आमच्या क्लबात या, चिप्स खोट्याच आहेत, हिशोब यूपीआयवर’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, तर तो पैशांचाच खेळ. ॲपमधल्या चिप्स खोट्या, एजंटचा हिशोब खरा, आणि पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही. फुकट ॲपमध्येही चिप्स ‘विकत’ मिळतात आणि त्या परत पैशांत बदलता येत नाहीत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

| प्रकार | लागणारा वेळ | ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या चिप्स) | नेट गेलं तर |
|---|---|---|---|
| रिंग गेम | तुम्ही ठरवाल तेवढा | कायम तेच | फारसं काही बिघडत नाही |
| सिट अँड गो, ९ जण | ४५ ते ७० मिनिटं | दर १० मिनिटांनी वाढतात | स्टॅक (तुमच्या चिप्सचा साठा) झिजतो |
| सिट अँड गो, टर्बो | ३० ते ४० मिनिटं | दर ५ मिनिटांनी वाढतात | स्टॅक भराभर झिजतो |
| मल्टिटेबल (मोठी) टूर्नामेंट | शेवटपर्यंत ३ ते ५ तास, कधी जास्त | ठरावीक वेळाने वाढतात | मेहनत वाया जाते |

शेवटचा रकाना आपल्याकडे फार महत्त्वाचा. लाइट गेली, वायफाय बंद पडलं आणि मोबाईल डेटा रेंगाळला, तर टूर्नामेंट तुमच्यासाठी थांबत नाही. तुमची पानं आपोआप फोल्ड होतात (डाव सोडला जातो) आणि ब्लाइंड, अँटी (दर डावाला प्रत्येकाने भरायच्या चिप्स) कापले जात राहतात. समजा ब्लाइंड १००/२०० आहेत (स्मॉल १००, बिग २००), अँटी २५ आणि टेबलावर ९ जण. एका फेरीला, म्हणजे ९ डावांत, तुमचे १०० + २०० + २२५ (नऊ अँटी), म्हणजे ५२५ चिप्स जातात. ऑनलाइन तासाला साधारण ७० डाव होतात, म्हणजे आठेक मिनिटांना एक फेरी. अर्धा तास बाहेर राहिलात तर जवळपास चार फेऱ्या, २,१०० चिप्स. ३,००० चा स्टॅक असेल तर खेळ आटोपलाच म्हणायचा, आणि मधल्या काळात ब्लाइंड वाढले ते वेगळेच.

रिंग गेम

इथे कधीही बसा, कधीही उठा. ब्लाइंड वाढत नाहीत, स्टॅक बहुधा १०० बिग ब्लाइंडचा असतो. नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक नसताना दहा मिनिटं काढायची असतील तर हाच प्रकार बरा. फ्लॉपनंतरचा (टेबलावरची पहिली तीन पानं उघडल्यानंतरचा) खेळ शिकायलाही हाच उत्तम, कारण स्टॅक खोल असल्याने टर्न आणि रिव्हरवरही (चौथ्या आणि पाचव्या पानावरही) निर्णय घ्यावे लागतात.

अडचण फुकट चिप्सची आहे. चिप्स संपल्या तरी काही तासांत पुन्हा मिळतात, म्हणून लोक काहीही घेऊन कॉल करतात (समोरच्याने लावलं तेवढं भरून आत राहतात). अशा टेबलावर ब्लफ मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चांगली पानं असतील तेव्हा मोठं लावा: नेहमीच्या तीन बिग ब्लाइंडऐवजी चार-पाचचा रेज (लावलेलं वाढवणं), आणि नुसता कॉल करून आत आलेल्या प्रत्येकासाठी आणखी एक. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर ८५ टक्के जिंकते, दोघांसमोर ७३ आणि चौघांसमोर ५६ टक्क्यांच्या आसपास. ‘एक्के असून हरलो’ ही नव्या खेळाडूची नेहमीची तक्रार. तिचं कारण बहुतेक वेळा हेच, की रेज छोटा होता आणि चार जण आत आले.

इथेच पॉटचा (मध्ये जमलेल्या चिप्सचा) हिशोब पक्का करा. पॉटमध्ये ९०० आहेत आणि समोरच्याने ३०० लावले. तुम्हाला ३०० देऊन १,२०० जिंकायचेत, म्हणजे १,५०० पैकी ३००, किमान २० टक्के संधी हवी. बदामाची चार पानं जमली असतील तर पाचव्यासाठी ९ पानं उरतात. एका पानात ती संधी साधारण १९ टक्के, दोन पानांत ३५. अर्ध्या पॉटच्या बेटला २५ टक्के लागतात, पूर्ण पॉटच्या बेटला ३३. हे तीन-चार आकडे तोंडपाठ झाले की कॉलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

सिट अँड गो

रोज नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्याला आमचा सल्ला याचाच. नऊ जण भरले की सुरू, तासाभरात निकाल. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघालात तर कुर्डुवाडी येईपर्यंत एक डाव पूर्ण होतो. जेवण झाल्यावर घरी बसलात तर साडेदहाला फोन खाली ठेवता येतो.

यात सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन वेगळे खेळ आहेत. १,५०० चिप्स आणि १०/२० ब्लाइंड म्हणजे ७५ बिग ब्लाइंड. या टप्प्यात घाई करायचं काहीच कारण नाही. लहान जोडीवर, समजा चौव्यांच्या, स्वस्तात फ्लॉप बघा. फ्लॉपवर तिसरा चौवा यायची शक्यता साधारण १२ टक्के. त्यामुळे कॉलच्या पंधरा-वीस पट स्टॅक दोघांकडेही असेल तेव्हाच हा कॉल परवडतो. हाच चौव्यांचा हात १५ बिग ब्लाइंडवर कॉल करून वाट बघणारे फार, आणि तिथेच चिप्स गळतात. तिथे एकतर ऑल-इन (सगळ्या चिप्स एकदम लावणं) किंवा फोल्ड.

दहा-बारा बिग ब्लाइंड उरले की छोटा रेज विसरा. वरच्याच उदाहरणात १००/२०० आणि अँटी २५ असताना पॉटमध्ये आधीच ५२५ पडलेले असतात. तुमच्याकडे २,००० आहेत, बटणावरून (वाटणाऱ्याच्या जागेवरून) ऑल-इन केलंत आणि सगळ्यांनी फोल्ड केलं, तर पत्ते न उघडता स्टॅक २६ टक्क्यांनी वाढला. कॉल करायचा तर बिग ब्लाइंडला १,८०० टाकून ४,३२५ च्या पॉटसाठी लढावं लागतं, म्हणजे ४१-४२ टक्के संधी हवी, आणि बरेच हात तिथे सुटतात. आता तेच ‘चांगली पानं येऊ देत’ म्हणत ६०० वर आलात, तर बिग ब्लाइंडला फक्त ४०० टाकायचेत, १,५२५ च्या पॉटसाठी. २६ टक्के पुरतात, आणि तेवढी संधी जवळपास कोणत्याही दोन पानांत असते. थांबल्याने चिप्स तर गेल्याच, वर समोरच्याला फोल्ड करायला लावायची ताकदही गेली. बटणावरून कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजासोबत दहा किंवा वरचं पान एवढ्यावर ढकलायला (ऑल-इन करायला) हरकत नाही. पहिल्या जागेवरून (सगळ्यांत आधी बोलायचं असताना) मात्र सत्त्यांची जोडी आणि वर, एक्का-गुलाम आणि वर, इथेच थांबा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या चार जण उरल्यावर. पहिल्या तिघांना गुण मिळतात, समजा ५०, ३० आणि २०. चौघांचे स्टॅक सारखे, म्हणजे प्रत्येकाची किंमत २५ गुण. एकाने ऑल-इन केलं, तुम्ही कॉल केला आणि जिंकलात. चिप्स दुप्पट झाल्या. गुणांत मात्र किंमत ५० होत नाही, साधारण ३८.३ होते, कारण पहिले आलात तरी तुम्हाला ५० च्या वर काही मिळणार नाही आणि उरलेल्या दोघांनाही आता काहीतरी नक्की मिळणार आहे. हरलात तर शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले तर २५ भागिले ३८.३, म्हणजे ६५ टक्के संधी असेल तरच कॉल फायद्याचा. रिंग गेममध्ये याच जागी ५० टक्के पुरले असते. समोरचा डोळे झाकून कोणत्याही पानांवर ढकलतोय असं धरलं, तरी एक्का-राजा जेमतेम या रेषेवर येतो. एक्का-राणी फोल्ड करायला जीव होत नाही, पण बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. उलट ढकलणारे तुम्ही असाल तर हीच ६५ टक्क्यांची भिंत समोरच्यापुढे उभी राहते. म्हणून या टप्प्यावर आधी ढकला, कॉल मात्र जपून.

फुकट टेबलावर एक खबरदारी: समोरच्याला हा हिशोब माहीत नसेल तर तो एक्का-सत्तीवरही कॉल करेल. दोन-तीन वेळा तसं दिसलं की तुमची ढकलायची यादी आखडा.

मोठी टूर्नामेंट

शेकडो-हजारो खेळाडू, आणि गुण मिळतात ते बहुधा वरच्या १०-१५ टक्क्यांना. चांगला खेळाडूही दहापैकी आठ-नऊ वेळा रिकाम्या हाताने उठतो, आणि त्यात त्याची चूक असतेच असं नाही. खरी बक्षिसं शेवटच्या टेबलावर असतात, म्हणून रविवारी दुपार मोकळी असेल तरच बसा. रात्री दहाला सुरू होणारी मोठी टूर्नामेंट सकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळी असणाऱ्याने घेऊच नये. एक वाजता झोप अनावर झाली की माणूस उगाच ऑल-इन करून मोकळा होतो. बहुतेक ठिकाणी तासाला पाच मिनिटांची सुट्टी मिळते, चार्जर त्याआधीच जवळ ठेवा.

उशिरा प्रवेशाची सोय असते. सुरुवातीला शिरलात तर १०० हून जास्त बिग ब्लाइंड मिळतात आणि शिकायला वाव राहतो. शेवटच्या क्षणी शिरलात तर २०-२५ उरतात, पण तास-दीड तास वाचतो. ऑल-इन-फोल्डचा हिशोब पक्का असलेल्याला दुसरा मार्ग चालतो, नवख्याने पहिलाच घ्यावा.

नॉकआउट प्रकारात प्रत्येकाच्या डोक्यावर बक्षीस असतं. त्यामुळे कॉल थोडे सैल करायचे, पण समोरच्यापेक्षा तुमचा स्टॅक मोठा किंवा निदान बरोबरीचा असेल तरच. त्याच्याकडे जास्त चिप्स असतील तर जिंकूनही तो बाद होत नाही आणि बक्षीस हाती लागत नाही. ही साधी गोष्ट टेबलावर निम्मे लोक विसरतात.

तिघांचे झटपट डाव, २५ बिग ब्लाइंड आणि तीन मिनिटांची लेव्हल (तेवढ्या वेळाने ब्लाइंड वाढतात), हे गंमत म्हणून ठीक. शिकायला त्यात फार थोडं आहे.

आणि चौथा पर्याय: घरची टूर्नामेंट

आठ मित्र आणि तीन तास असतील तर ॲपपेक्षा हे जास्त शिकवतं, कारण समोरचा माणूस दिसतो. ५०० चिप्सचा साधा संच पुरतो. प्रत्येकाला २५ च्या ८, १०० च्या ८ आणि ५०० च्या ४, म्हणजे ३,००० किमतीच्या २० चिप्स. लेव्हल २० मिनिटांच्या: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१२००. सगळ्या चिप्सची किंमत २४,०००. शेवटच्या लेव्हलला त्या फक्त २० बिग ब्लाइंड होतात, म्हणून डाव तीन तासांच्या आत संपतो. तिसरी लेव्हल संपली की १० मिनिटं थांबा आणि २५ च्या सगळ्या चिप्स गोळा करा. त्या ६४ आहेत, बदल्यात १०० च्या १६ द्याव्या लागतात. कोणाकडे सुट्या उरल्या तर वरच्या शंभरात धरा, त्यासाठी १०० च्या तीन-चार जादा काढून ठेवा.

पत्ते पूर्ण प्लास्टिकचे घ्या, दोन वेगळ्या रंगांच्या जुड्या. एक वाटत असताना दुसरी पिसून तयार राहते आणि तासाला पाच-सहा डाव जास्त होतात. कागदी जुडी आपल्याकडे टिकत नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मध्ये आली की तेलाचं बोट पानाच्या पाठीवर उमटतं, आणि तासाभरात इस्पिकचा एक्का कुणाच्या हातात आहे हे सगळ्या टेबलाला कळतं. खाणं दहा मिनिटांच्या सुट्टीतच ठेवा, आणि हात धुतल्याशिवाय कोणी जुडीला हात लावायचा नाही.