बीटा ४१ आला आणि आमचे पैसे बुडाले

‘गर्भधारणा झाली नाही तर ७० टक्के पैसे परत’ असं छापलेलं पत्रक कुणी हातात दिलं तर ते फेकू नका, पुरावा म्हणून लागेल. पैसे मात्र भरू नका. आमचे ५,४१,९०० रुपये गेले. आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार करणाऱ्या त्या सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण केस चालू आहे आणि वकिलांनी तशी ताकीद दिली आहे.

मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी ही सेंटरं घेतात ती शिबिरं कशी भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तालुक्याच्या गावचं मंगल कार्यालय, मोफत सोनोग्राफी, रक्ततपासणीत सूट आणि शेवटी ‘आज नाव नोंदवलं तरच हा दर’ ही घाई. माझं एएमएच ०.९ आलं. वय ३६. ‘अंडी संपत आलीत मॅडम, अजून थांबलात तर दुसऱ्या बाईची घ्यावी लागतील,’ असं कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या. डॉक्टर नव्हे, कोऑर्डिनेटर. एएमएचवरून अंड्यांचा साठा आणि इंजेक्शनांनी साधारण किती अंडी मिळतील याचा अंदाज येतो, गर्भ राहील की नाही ते त्यावरून ठरत नाही, हे मला सगळं संपल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मात्र पायाखालची जमीन सरकली आणि यांनी तिथल्या तिथे २५,००० रुपये भरले. पावतीवर लिहिलं होतं ‘समुपदेशन’.

‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ असं मला आतापर्यंत अनेकांनी विचारलंय. मी शाळेत शिकवते, हे पतसंस्थेत आहेत, दोघांनाही कागद वाचता येतो. पण लग्नाला बरीच वर्षं झालेल्या आणि मूल नसलेल्या बाईला बारशाच्या घरी कुठे उभं करतात, ओटी भरताना तिच्या हातात ताट द्यायचं की नाही यावर स्वयंपाकघरात काय कुजबुज चालते, हे विचारणाऱ्यांनी आधी आठवावं. शिवाय आयव्हीएफ ही काही बुवाबाजी नाही. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, त्याला किती वर्षं झाली! आम्ही त्या शास्त्रावर विश्वास ठेवला. ज्यांनी आम्हाला लुबाडलं त्यांनी तेच शास्त्र पुढे करून लुबाडलं.

पॅकेज ३,८५,००० चं होतं. त्यात तीन ट्रान्सफर, म्हणजे तयार गर्भ तीन वेळा गर्भाशयात सोडणं. शिबिरातले २५,००० वजा करून २,१०,००० रोख मागितले. त्यासाठी माझं गंठण आणि सासूबाईंच्या पाटल्या गहाण पडल्या. उरलेले १,५०,००० ऑनलाइन भरायला सांगितले आणि खातं निघालं कुणा व्यक्तीच्या नावाचं. यांनी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘सरांचंच खातं आहे, हॉस्पिटलच्या खात्याला ऑडिट चालू आहे.’ दवाखान्याचे पैसे कुणी स्वतःच्या खात्यात मागितले की तिथूनच परत फिरा.

पॅकेजमध्ये ‘सगळं आलं’ असं शिबिरात सांगितलं होतं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पोटातली इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा कळलं की औषधं वेगळी. त्यांच्याच मेडिकलमधून, छापील किमतीला, ९२,४०० रुपये. बाहेरून आणतो म्हटलं तर ‘कोल्ड चेन तुटली तर आमची जबाबदारी नाही’ हे उत्तर. ही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात हे खरंच आहे, पण बाहेरचे औषधवालेही बर्फाच्या डब्यात घालून देतात. प्रिस्क्रिप्शन हातात मागा, त्यावर तुमचा हक्क आहे. रिकाम्या कुप्या आणि खोकी बॅच नंबरासकट जपून ठेवा.

आता त्या सहीबद्दल. हे लिहितानाही माझे हात कापतात.

करारनामा आधी कधीच दाखवला नाही. तो पुढे आला अंडी काढण्याच्या दिवशी सकाळी. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, अंगात दवाखान्याचा हिरवा गाऊन, हाताला सलाईनची सुई, अंडी पिकवणाऱ्या ट्रिगरच्या इंजेक्शनानंतर ओटीपोट दगडासारखं जड. बाहेर भूल देणारे डॉक्टर थांबलेत, ठरलेल्या वेळेत अंडी काढली नाहीत तर ती आतच फुटून जातील, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. इंग्रजीत दाट टाइपची पानं, कोऑर्डिनेटर पानं उलटतेय आणि सहीच्या जागी बोट ठेवतेय. सहाव्या पानावर माझी नजर अडली. ‘यशस्वी’ या शब्दापुढे लिहिलं होतं : रक्तातली बीटा एचसीजी चाचणी, म्हणजे गर्भ रुजू लागला का ते सांगणारी चाचणी, पॉझिटिव्ह. मी विचारलं, अगदी स्पष्ट विचारलं, ‘यश म्हणजे मूल ना? इथे नुसतं पॉझिटिव्ह लिहिलंय.’ ती हसली. ‘मॅडम, पॉझिटिव्ह आल्यावर पुढे मूलच होतं ना?’ मी सही केली. यांनीही केली. प्रत मागितली तर ‘फाईलला लागते, डिस्चार्जच्या वेळी देऊ.’ दिली नाही.

त्या वेळी मी उठून जायला हवं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं, त्या अवस्थेतली कोणती बाई उठून जाईल? त्यांनी ती वेळ मुद्दाम निवडली होती. करार इंजेक्शनं सुरू होण्याआधी घरी आणून वाचा. देत नसतील तर पहिलं इंजेक्शनही घेऊ नका.

तीन गर्भ तयार झाले. एक गर्भाशयात सोडला, दोन गोठवले. गोठवण्याचे वर्षाचे २८,००० वेगळे. ट्रान्सफरच्या आधी गर्भाशयाचं अस्तर सुधारण्यासाठी पीआरपी, म्हणजे माझ्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स, म्हणून ३६,५०० घेतले. त्याने फायदा होतोच असा ठोस पुरावा नाही, हेही नंतरच कळलं.

बीटा आला ४१. दहा मिनिटांत मोबाईलवर कोऑर्डिनेटरचा संदेश आला, ‘अभिनंदन आई-बाबा’, सोबत फुलांचा गुच्छ. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. अठ्ठेचाळीस तासांनी तो आकडा जवळजवळ दुप्पट व्हायला हवा होता. आला १९. पुढच्या वेळी पाचाच्या खाली. गर्भ रुजायला सुरुवात होऊन तिथेच थांबला होता. डॉक्टर याला बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतात. सोनोग्राफीत दिसावं असं काहीच नव्हतं.

आणि मग उत्तर आलं : तुमची गर्भधारणा झाली, करारानुसार पॅकेज यशस्वी ठरून संपलं. परतावा नाही, उरलेल्या दोन ट्रान्सफर नाहीत. गोठवलेले गर्भ सोडायचे तर नवे ९५,००० भरा, ‘सहानुभूती म्हणून’ त्यात ४०,००० सूट. आम्ही पत्रकाप्रमाणे ७० टक्के, म्हणजे २,६९,५०० मागितले, तेव्हा त्यांनी पुरावा म्हणून तोच अभिनंदनाचा संदेश आम्हाला परत पाठवला. माझ्या रक्तातला एक आकडा दोन दिवस वर गेला, त्याला सेंटरने मूल धरलं.

२०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे प्रत्येक क्लिनिकमध्ये तक्रार कक्ष हवा. या सेंटरमध्येही आहे. त्याची प्रमुख तीच कोऑर्डिनेटर.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘डॉक्टरवर असा थेट गुन्हा घेता येत नाही, वैद्यकीय मत लागतं.’ अहो, ते निष्काळजीपणासाठी! आमची तक्रार उपचार चुकल्याची नाहीच, पैसे उकळल्याची आहे. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ यांनी छापून नेलं होतं. ठाणे अंमलदारांनी ते न वाचता बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, ‘दत्तक घ्या की साहेब.’ साधी पोचही दिली नाही. रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला तेव्हा कुठे शिक्का मिळाला.

आरोग्य कार्यालयाने सांगितलं, सेंटर नोंदणीकृत आहे, पैशाचा वाद आमच्याकडे येत नाही. मी म्हटलं, यशाची शक्यता आणि खर्च आधी समजावून सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, ते केलं नाही, हा तर तुमचाच विषय. ‘लेखी द्या.’ लेखी दिलं. ‘साहेब रजेवर आहेत.’ नंतर साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना फाईल सापडली नाही. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५ ते १० लाखांचा दंड आहे, पण आम्ही थेट कोर्टात जाऊ शकत नाही. कोर्टातली तक्रार या कायद्याखालच्या मंडळाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच दाखल करायची. म्हणजे जो अधिकारी फाईल हरवतो, त्याच्याच सहीवर आमचा न्याय अवलंबून. ज्यांना रोज इंजेक्शनांनी पोट काळंनिळं करून घ्यावं लागतं त्यांच्यासाठी हा कायदा केला ना? मग तो वापरायची परवानगी त्यांनाच का नाही? याचं उत्तर मला एकाही टेबलावर मिळालं नाही.

सेंटरच्या भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र नीट वाचा. लेव्हल १ असेल तर तिथे आययूआयपर्यंतच (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यापर्यंतच) करता येतं, आयव्हीएफसाठी लेव्हल २ लागतं. पत्ता तोच आहे का तेही बघा. यशाचं प्रमाण सांगितलं तर विचारा, पॉझिटिव्ह किती आणि घरी जिवंत मूल घेऊन गेलेल्या किती, तेही माझ्या वयाच्या. आकडा लेखी मागा. गोव्यात राहणाऱ्यांनी आधी बांबोळीच्या सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा. तिथे २०२३ पासून हे उपचार मोफत सुरू झालेत, हे मला माझ्या नणंदेने सांगितलं, पण तोवर सगळं होऊन गेलं होतं.

केसपेपर लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यावे लागतात. आम्ही वकिलांची नोटीस दिली तेव्हा मिळाले, आणि त्यातच करारनाम्याची प्रत पहिल्यांदा हातात आली. जिल्हा ग्राहक आयोगात भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आमची वर गेल्यामुळे लागली. ऑनलाइन दाखल करता येतं. समोरचे वकील तारखा मागतात, मिळतात. तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे, ‘पुढची सायकल फुकट करून देतो’ या तोंडी शब्दावर ती घालवू नका.

गोठवलेल्या दोन गर्भांचं वर्ष आता संपत आलंय. ते दुसऱ्या दवाखान्यात हलवायची लेखी मागणी आम्ही केली आहे आणि वकिलांच्या सल्ल्याने नवे २८,००० आयोगात निषेध नोंदवूनच भरणार आहोत. ‘पॉझिटिव्ह म्हणजे यश’ अशाच कलमावर कुणी सही केली असेल तर आजच सेंटरला हरकतीचं पत्र द्या, पोच घ्या आणि तोवर पॅकेजचा पुढचा एकही हप्ता भरू नका.