वापरलेले नॉर्डिका क्रूझ 80: स्कीबोर्डिंग शिकणाऱ्यासाठी पुण्यात घेतलेली जोडी

स्कीबोर्डिंग शिकायचे ठरवलेल्या माणसाने पहिला खर्च बुटांवर करावा, बोर्डांचे नंतर पाहता येते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते बूट वापरलेले असले तरी चालतात, मात्र ते पायाला नेमके बसलेच पाहिजेत. माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला गुलमर्गला जाऊन हा खेळ शिकायचा होता आणि नव्या बुटांचा खर्च त्याला परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही औंधमधल्या एका कुटुंबाकडून नॉर्डिकाच्या क्रूझ 80 या मॉडेलची वापरलेली जोडी साडेसहा हजार रुपयांना घेतली. एक हिवाळा ती बर्फावर वापरून झाल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

ज्यांना हा खेळ फारसा परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. स्कीबोर्ड म्हणजे एक मीटरपेक्षा कमी लांबीच्या, रुंद आणि सहसा दोन्ही टोकांना वर वळलेल्या आखूड स्की. प्रत्येक पायाला एक असतो आणि हातात काठ्या घ्याव्या लागत नाहीत. ऑस्ट्रियाच्या क्नाइसल कंपनीची बिगफूट आणि फ्रान्सच्या सालोमनची स्नोब्लेड यांनी 1990 च्या दशकात हा प्रकार लोकप्रिय केला. 1998 ते 2000 या वर्षांत विंटर एक्स गेम्स या हिवाळी साहसी खेळांच्या मेळाव्यात त्याच्या स्पर्धाही होत असत. लांब स्कीपेक्षा हे बोर्ड लवकर वळतात, त्यामुळे नवशिक्याला धीर येतो. पण आखूडपणामुळेच मागे टेकायला बोर्डाचा शेपटाकडचा भाग जवळपास उरत नाही, आणि वजन टाचेकडे गेले की माणूस पाठीवर आपटतो. वजन पायाच्या मध्यावर राखायचे काम बूट करतो. बुटाच्या आत पाय सरकत असेल, तर गुडघा पुढे वाकवूनही बोर्डाला त्याची वार्ता उशिराच पोहोचते.

बोर्ड उसने मिळाले तर त्यावर शिकता येते, कारण थोड्याफार फरकाने ते सर्वांनाच चालतात. बुटांचे तसे नसते. भाड्याच्या बुटांमध्ये आदल्या दिवशीच्या माणसाचा ओलावा असतो, आतले अस्तर शेकडो पायांनी दाबून सैल केलेले असते, आणि गर्दीच्या दिवसांत आपल्या मापाची जोडी संपली की दुकानदार एक माप मोठी देऊन वर जाड मोजे घालायला सांगतो. शिवाय स्कीबोर्डला लागणारे बहुतेक बूट हे नेहमीच्या अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरून घसरत येण्याच्या, स्कीचेच असतात. त्यामुळे एखाद्या संस्थेत आधी लांब स्कीवर अभ्यासक्रम करायचा असला, तरी तेच बूट दोन्हीकडे उपयोगी पडतात. स्नोबोर्डचे मऊ बूट वापरायचे झाल्यास वेगळी बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला पकडून ठेवणारी यंत्रणा, लागतात. आपल्याकडच्या नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते.

पुण्यात असे बूट मिळतात कुठे, हा पहिला प्रश्न. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात ट्रेकिंगचे चांगले बूट हाती लागू शकतात, पण स्कीच्या बुटांसाठी त्या गर्दीत दिवस घालवण्यात अर्थ नाही. खरा साठा औंध, बाणेर, बावधन, हिंजवडी या पट्ट्यातल्या घरांच्या माळ्यांवर पडून आहे. नोकरीनिमित्त जर्मनी, स्वित्झर्लंड किंवा कॅनडात काही वर्षे राहून परतलेली कुटुंबे आपले हिवाळी सामान कंटेनरमधून आणतात आणि मग ते तसेच बांधलेले राहते. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "स्कीचे बूट, पायाची लांबी 26 ते 26.5 सेंटिमीटर" असा नेमका निरोप टाकला, तर कुणी ना कुणी उत्तर देते. नुसते "स्कीचे सामान आहे का" असे विचारले, तर हातमोजे आणि गॉगलच पुढे येतात. परदेशातली शाळेची वर्षे उन्हाळ्यात संपत असल्यामुळे परतणाऱ्यांची घरे जून ते ऑगस्ट या काळात लागतात, आणि शोधालाही तोच काळ उत्तम.

आम्हाला ही जोडी म्युनिकहून कायमच्या परतलेल्या एका तरुणाकडे मिळाली. त्याच्या आईने दिवाणखान्यात सतरंजी अंथरून दिली आणि "सगळं नीट बघून घ्या, घाई नाही," असे सांगितले. ही सवड फार मोलाची होती, कारण वापरलेल्या बुटांची खरी परीक्षा ते घालून चार पावले टाकण्यात नसते. प्रत्येक स्की-बुटाचे दोन भाग असतात: बाहेरचे कडक प्लॅस्टिकचे कवच आणि आतले मऊ अस्तर, ज्याला लायनर म्हणतात. लायनर नवा असताना घट्ट असतो आणि वापराने दबून सैल होतो. त्यामुळे तो तुम्हाला फसवू शकतो. कवचाचे माप मात्र बदलत नाही.

म्हणून आम्ही दोन्ही लायनर बाहेर काढले. भाच्याने पातळ मोजा घालून पाय रिकाम्या कवचात ठेवला, बोटांची टोके समोरच्या भिंतीला हलकेच टेकेपर्यंत पुढे सरकवला आणि गुडघा थोडा वाकवला. मग मी मागून मोबाइलचा टॉर्च मारून टाच आणि कवच यांच्यातली फट पाहिली. नवशिक्याला ही फट पंधरा ते वीस मिलिमीटर असावी. पंधराच्या आत आले तर ते अनुभवी स्कीपटूंचे घट्ट माप होते. मोजपट्टी तिथे आत शिरत नाही. दोन शिसपेन्सिली एकत्र धरल्या की साधारण चौदा-पंधरा मिलिमीटर होतात. त्या टाचेमागे सहज उतरल्या आणि तिसरी अडकली, एवढ्यावर आमचे समाधान झाले. त्या तरुणाने हा प्रकार कौतुकाने पाहिला आणि आपण स्वतः दुकानात अशी चाचणी केली नव्हती असे सांगितले.

मापाच्या आकड्याबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. स्की-बुटाचे माप मोंडोपॉइंट पद्धतीने देतात, म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. भाचा खेळाचे बूट आठ नंबरचे घालतो, आणि कोष्टक पाहून कुणीही त्याला 27 चा बूट सुचवले असते. भिंतीला टाच टेकवून मोजल्यावर त्याचा डावा पाय 26.3 आणि उजवा 26.1 भरला. रोजचे बूट आपण ऐसपैस घेतो, त्यामुळे त्यांचा नंबर इथे कामाचा नाही. दुसरे असे, की बहुतेक कंपन्यांमध्ये 26 आणि 26.5 यांचे कवच एकच असते, फरक आतल्या तळपट्टीचा किंवा लायनरचा असतो. म्हणून अर्ध्या मापावरून विक्रेत्याशी हुज्जत घालू नये आणि पूर्ण मापाच्या बाबतीत तडजोड करू नये. पायाची मापे दुपारनंतर घ्यावीत, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो.

लांबीनंतर रुंदीचा विचार करावा लागतो. क्रूझचा फर्मा, म्हणजे बूट ज्यावर घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, 104 मिलिमीटर रुंदीचा आहे, म्हणजे पंजाच्या सर्वांत रुंद भागाशी हे बूट प्रशस्त आहेत. अरुंद बुटांचा फर्मा 98 च्या आसपास असतो. लहानपणापासून चपला आणि सँडलमध्ये पसरलेल्या पायाला हा फर्मा मानवतो, निदान भाच्याच्या पायाला तरी मानवला. ज्यांची टाच अरुंद आहे त्यांनी मात्र हे मॉडेल घेऊ नये, कारण बकले आवळूनही टाच वर उचलली जाण्याची शक्यता राहते. कवच तापवून फुगवणारे तज्ज्ञ स्कीच्या गावांमध्ये असतात. इथे तसा माणूस शोधत फिरण्यापेक्षा पहिल्यापासूनच योग्य रुंदीचा बूट निवडणे स्वस्त पडते.

नावातला 80 हा आकडा बूट पुढे वाकवायला किती जोर लागतो ते सांगतो. त्याला फ्लेक्स म्हणतात. या आकड्याचे सर्व कंपन्यांना बांधून घेणारे एकच मानक नाही, तरी साधारणपणे साठ ते ऐंशीच्या दरम्यानचे बूट नवशिक्यांचे आणि एकशे दहाच्या पुढचे तरबेज लोकांचे समजले जातात. स्वस्तात मिळतो म्हणून 120 चा बूट घेणारा नवशिका घोटा वाकवूच शकत नाही आणि मागे झुकून उभा राहतो. स्कीबोर्डवर ती हमखास पडण्याची रीत आहे. पुण्यातल्या खरेदीदाराने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचे कवच थंडीत कडक होते. औंधमधल्या तीस अंश तापमानात जो बूट सहज वाकत होता, तोच गुलमर्गच्या सकाळी बराच ताठ वाटला. त्यामुळे इथे "जरा जास्तच मऊ" वाटणारा बूट नाकारू नये.

जुन्या प्लॅस्टिकचे वय तपासणे हा सुरक्षेचा भाग आहे. पॉलियुरेथेन दमट आणि उष्ण हवेत आतून कमकुवत होत जाते, आणि वरून चकचकीत दिसणारा बूट थंडीत अचानक तडकल्याची उदाहरणे आहेत. काही बुटांच्या आतल्या बाजूला साच्यातच उमटलेला लहान गोल शिक्का असतो, त्यावर वर्ष वाचता येते. दहा वर्षांपेक्षा जुनी जोडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, आणि 1980 च्या दशकातले मागून उघडणारे बूट तर शोभेपुरतेच ठेवावेत. आमच्या जोडीच्या बकलांचे रिव्हेट, घोट्याजवळचा सांधा आणि टाचेखालच्या कडा मी बोटाने चाचपून पाहिल्या. एक बकल किंचित वाकलेले होते, बाकी काही आढळले नाही. लायनर टाचेपाशी थोडा बसला होता, जुनी उशी बसते तसा, पण फाटलेला नव्हता.

तळव्याकडे लोक सहसा पाहत नाहीत, पण स्कीबोर्डसाठी ते आवश्यक आहे. बुटाच्या बाजूला तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, आणि बोर्डाचे बाइंडिंग त्या आकड्यापर्यंत सरकते की नाही हे आधी पाहावे. अल्पाइन बुटांचे मानक आयएसओ 5355 हे आहे. त्यात तळवा सपाट असून पुढची पट्टी सुमारे 19 मिलिमीटर आणि टाचेची सुमारे 30 मिलिमीटर जाड असते. अलीकडे चालायला सोपे असे वक्र तळव्याचे ग्रिपवॉक बूट आले आहेत, ते स्कीबोर्डच्या जुन्या बाइंडिंगमध्ये बसतीलच असे नाही. शिवाय अनेक स्कीबोर्डांची बाइंडिंग पडताना सुटत नाहीत. त्यामुळे गुडघ्याला कमी, पण नडगीच्या हाडाला अधिक धोका संभवतो. माझ्या मते नवशिक्याने सुटणारी बाइंडिंग असलेलेच बोर्ड घ्यावेत किंवा उसने आणावेत. ती बाइंडिंग नीट सुटण्यासाठी बुटाचा तळवा न झिजलेला असणे अत्यावश्यक आहे.

प्रत्यक्ष बर्फावर ही जोडी अपेक्षेहून चांगली ठरली. भाच्याने गुलमर्गला आधी लांब स्कीवर प्राथमिक शिक्षण घेतले आणि नंतर मित्राच्या 99 सेंटिमीटरच्या बोर्डांवर सराव केला. पहिल्या दिवशी त्याच्या नडग्या दुखल्या, कारण तो वरची बकले सैल आणि पंजावरची घट्ट बांधत होता. प्रशिक्षकाने क्रम उलटा करायला सांगितल्यावर दुखणे थांबले. टाच जागेवर राहते, वळताना बोर्ड लगेच उत्तर देतो, आणि दिवसाअखेरीस पायाची बोटे बधिर होत नाहीत, असे त्याचे म्हणणे आहे. त्याचे वजन बासष्ट किलो आहे. ऐंशी-नव्वद किलोच्या माणसाला हा फ्लेक्स बहुधा अपुरा पडेल आणि त्याने नव्वद किंवा शंभरचा बूट पाहावा. जोडीचे वजन सुमारे चार किलो असल्याने विमानाच्या पंधरा किलोंच्या मर्यादेत ती बोर्डांसह बसते, मात्र मग कपडे बेताचेच न्यावे लागतात.

किमतीबद्दल माझा आडाखा असा, की परदेशात या दर्जाचे नवे बूट दोनशे-तीनशे डॉलरच्या घरात मिळतात. पुण्यात पाच वर्षांच्या आतल्या, सुस्थितीतल्या जोडीला पाच ते आठ हजार रुपये देणे रास्त आहे. दहा हजारांच्या पुढे विक्रेता अडून बसला तर थांबावे, पावसाळ्यात आणखी घरे उघडतात.

एकदा घेतल्यावर इथल्या हवेत त्यांची निगा राखावी लागते. लायनर काढून पूर्ण वाळवावेत, पण उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नयेत. मग ते परत बसवून बकले शेवटच्या खाचेत सैल लावून ठेवावीत, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर बूट ठेवू नयेत. आमची जोडी कापडी पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी धरू नये म्हणून भाचा दर पंधरवड्याला लायनर काढून पंख्याखाली ठेवतो. वाकलेले बकल अजून बदललेले नाही. ते धरते आहे, पण पुढच्या हिवाळ्याआधी त्याचा सुटा भाग मागवावा लागेल.